थरथरीचा बंदोबस्त

रेकॉर्ड प्लेअर घरी आला तेव्हा तो ठेवायला धड जागा नव्हती, म्हणून मी तो रेडिओच्या डोक्यावरच ठेवला. रेडिओ मोठा होता, लाकडी पेटीचा, वरून सपाट. त्याच्या पाठीला पिकअपची दोन भोकं होती. त्यांत प्लेअरची वायर खुपसली की गाणं रेडिओतून वाजे. पहिली रेकॉर्ड लावली. हळू आवाजात सगळं ठीक होतं. मी बटण जरा पिळलं, तर आतून घूंऽऽ असा घुमारा उठला आणि वाढतच चालला. गाणारी बाई त्यात बुडून गेली. मी घाबरून प्लगच ओढला.

आमच्या ह्यांनी पेपर बाजूला केला. "जुनं यंत्र आहे. आमचे साहेब बदलून गेले म्हणून देऊन टाकलं त्यांनी. चालेल तेवढं चालेल."

"यंत्राचा दोष नाही हा," मी म्हटलं.

मला ते घुमणं ओळखीचं होतं. पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी बोर्डावर बसत असे. एखाद्याने फोन घेताना ऐकायचा भाग बोलायच्या भागाजवळ नेला की असाच आवाज उठतो. आवाज आपलंच शेपूट गिळायला धावतो, असं आम्ही मुली म्हणायचो. इथंही तेच चाललं होतं. रेडिओ वाजला की त्याची पेटी थरथरते, पेटीवरचा प्लेअर थरथरतो, सुई थरथरते, आणि ती थरथर पुन्हा रेडिओत जाऊन आणखी मोठी होते. मी प्लेअर उचलून समोरच्या स्टुलावर ठेवला. घुमणं थांबलं. मला वाटलं, झालं काम.

ते तसं व्हायचं नव्हतं. पुढचं जवळजवळ वर्षभर मी त्या स्टुलाभोवती फिरत राहिले.

त्या दिवसांत माझ्या अंगात एक तगमग असे. लग्नाला सहा वर्षं झाली होती. हे नव्या रेल्वेलाइनीच्या कामावर ओव्हरसीअर होते. सोमवारी सकाळी जात ते शनिवारी दुपारी परत येत. मी सकाळी सातला बोर्डावर बसे ती दीडपर्यंत. मुंबईला भाताचे भाव विचारणारे व्यापारी, मिठाच्या गोण्यांचे दलाल, ट्रकवाले, कुणाच्या घरचं बाळंतपण, कुणाच्या घरचं मरण, सगळं माझ्या डाव्या कानातून जाई. त्यातलं माझं काही नसे. दोऱ्या ओढायच्या, खोचायच्या, मध्येच "बोलणं झालं का?" विचारायचं. घरी आल्यावरही डाव्या कानात सूं सूं चाले. मला एक गोष्ट हवी होती, जी पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी न तोडता ऐकता येईल. साहेबांनी प्लेअरबरोबर आठ रेकॉर्डी दिल्या होत्या. त्यांतली एक भीमपलासीची, मोठी, एका बाजूला वीस मिनिटं चालणारी. ती वीस मिनिटं मला सलग हवी होती.

घर म्हणजे सायकलच्या दुकानावरची माडी. बाहेरच्या भिंती जुन्या दगडी, हातभर जाड. जमीन फळ्यांची. दोन खोल्यांच्या मध्ये फळ्यांचीच पडदी. आणि गल्लीपलीकडे भाताची गिरणी. तिचं इंजिन सकाळी आठपासून ढक् ढक् करत असे, आणि तो ठोका रस्त्याखालून, दुकानातून, फळ्यांतून वर चढून स्टुलाच्या पायांत शिरे. कानाला गिरणीचा आवाज एवढा येत नसे. पण सुई खाचेत बसली की प्रत्येक ठोक्याला गायिकेचा लांबवलेला सूर बारीक दातरून निघे. एकदा तो दातेरेपणा कळला आणि मग दुसरं काही ऐकूच येईना.

घरात आणखी एक माणूस होतं. माझ्या वन्सं, ह्यांची थोरली बहीण. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्या एका मुलींच्या शाळेत गाणं शिकवत. मग क्षय झाला. नवी इंजेक्शनं निघाली होती, ती महिनोन् महिने टोचली. क्षय गेला, वन्सं जगल्या, पण इंजेक्शनांनी कान नेले. थोडे नाही, पूर्ण. आणि तोलही नेला. चालताना त्या सतत भिंतीला नाहीतर पडदीला हात लावून चालत, पाऊल जरा आपटून टाकत, कारण जमीन आपल्या पायाखाली आहे याची त्यांना दर वेळी खात्री करून घ्यावी लागे. बोलायच्या त्या तोंडाने, आवाज सपाट आणि थोडा मोठा. मी त्यांच्याशी पाटीवर लिहून बोले. दारामागे खिळ्याला पाटी टांगलेली असे, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली.

बहिऱ्या झालेल्या गाणाऱ्या बाईच्या घरात गाणी लावायची, हे मला बोचत होतं. प्लेअर आला त्या दिवशी मी पाटीवर लिहिलं, "तुम्हाला चालेल ना?"

त्यांनी वाचलं. "मला काय त्याचं? तुझे कान आहेत ना शाबूत, ऐक," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.

त्यात राग होता की नव्हता, हे मला कळलं नाही. सपाट आवाजातून काही कळत नसे. मी ते तसंच सोडून दिलं.

गिरणीचा ठोका असह्य झाला तेव्हा एका दुपारी मी सरळ गिरणीत गेले. इंजिनाजवळ एक मिस्त्री बसला होता, रोडपाली गावचा, पन्नाशीचा, कपाळापर्यंत तूस उडालेला. मी त्याला सांगितलं की तुमच्या इंजिनाने आमच्या घरातली रेकॉर्डची सुई हलते.

तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. "सुई हालते? म्हंजे बारीक हाललेला पन कलतंय तुमाला?"

"कळतं."

"मंग या, दाखवतो." त्याने मला इंजिनाच्या बुडाशी नेलं. इंजिन एका दगडी चौथऱ्यावर होतं, आणि चौथऱ्याच्या चारी बाजूंना वीतभर रुंद चर, तुसाने भरलेला. "इंजिनाचा पाया आनि गिरनीचा पाया आमी येक होऊ देत नाय. मदी सुटा ठेवतो. नायतर भिंती फाटतील. तरी थोरा जातोच भायेर. आमी भायेर जाऊ देऊ नये म्हनून बघतो, तुमी आत येऊ देऊ नये म्हनून बघा. यंतर जर करा, वजनदार. हलका जिन्नस लवकर हालतो. आनि खाली कायतरी नरम द्या."

त्याने मला टोपलीभर तूस दिलं. मी ते पोत्यात भरून स्टुलावर ठेवलं, वर पाट, पाटावर प्लेअर. आठ दिवसांत उंदीर झाले. मग खालच्या दुकानातून सायकलची जुनी ट्यूब आणली, अर्धवट हवा भरली, तिच्यावर पाट ठेवला. वजन हवं म्हणून स्वयंपाकघरातला मसाल्याचा पाटा उचलून पाटावर ठेवला आणि त्याच्यावर प्लेअर. वन्संनी दुपारी वाटण वाटायला पाटा शोधला. मी बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, प्लेअरकडे पाहिलं, आणि चार दिवस आम्ही खलबत्त्यात कुटलेला मसाला खाल्ला. शेवटी मी बाजारातून शहाबादी फरशीचा तुकडा आणला तेव्हा पाटा परत गेला.

ट्यूब आणि फरशीने गिरणीचा ठोका तुटला. मी कान रेडिओला लावून ऐकलं. सूर सरळ. मला एवढा आनंद झाला की मी उठून खोलीत एक फेरी मारली, आणि सुई उडाली.

ट्यूबवर ठेवलेली ती सगळी रचना बारीक ठोके गिळत होती, पण पावलांनी फळ्या दबल्या की ती होडीसारखी डोले. डोलली की सुई घसरून दोन खाचा पलीकडे जाई. मी स्वतः बसून राहायला शिकले. हे आले की त्यांनाही मी खुणेनेच दटावी. पण वन्सं होत्या. त्या तर पाऊल आपटूनच चालत. भीमपलासी लागली की हमखास त्यांना आतून बाहेर यायचं असे. धप्, धप्, आणि चर्रर्. दर वेळी चरा उमटे, आणि तो चरा कायमचा.

एक दिवस एक्स्चेंजमध्ये मी एका व्यापाऱ्याचं बोलणं चुकून तोडलं होतं आणि त्याच्या शिव्या ऐकून आले होते. रेकॉर्ड लावली, डोळे मिटले. धप्, धप्, चर्रर्. मी उठले, पाटी ओढली आणि लिहिलं, "गाणं चालू असताना चालू नका."

दोऱ्याची पेन्सिल शेवटच्या अक्षराला मोडली, इतकी मी ती दाबली होती.

वन्संनी वाचलं. पाटी परत खिळ्याला टांगली. त्या दिवसापासून मी रेकॉर्ड काढली की त्या हातातलं काम ठेवून पडदीला पाठ टेकून खाली बसत. गाणं संपेपर्यंत हलत नसत. मला वाटलं, रुसून बसतात. मला लाजही वाटली. पण चरे थांबले होते.

मग एकदा गिरणी दुपारची बंद असताना मिस्त्री स्वतःहून वर आला. "तुमचा यंतर बघाचा होता," म्हणाला. त्याने ट्यूब दाबून पाहिली, फरशी ठोकली. "ह्यो झुला झाला. ठोका गेला, पन हेलकावा आला." मग तो खाली बसला आणि त्याने जमिनीवर तळहात टेकला. मला म्हणाला, "चाला."

मी चालले. त्याने हात उचलून दगडी भिंतीवर ठेवला. "आता चाला." मी पुन्हा चालले.

"जमीन हालते. भिंत नाय हालत. यंतर जमिनीव ठेवूच नका. भिंतीत घाला."

वन्सं दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं आणि एकदम म्हणाल्या, "या पडदीत सगळ्यात जास्त येतं."

"काय येतं?" मिस्त्रीने विचारलं. त्यांना ते ऐकू गेलं नाही. मी समजले, तक्रार करतायत. बसून बसून पाठ हादरत असेल. मी मान डोलावली आणि पुन्हा मिस्त्रीकडे वळले.

दगडी भिंतीत एक कोनाडा होता, त्यात आम्ही रॉकेलच्या बाटल्या ठेवत असू. मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी येऊन त्याचं बूड साफ केलं आणि फरशी चुन्यात बसवली, पुढे हातभर काढून. तिच्यावर प्लेअर, प्लेअरच्या पायांखाली जुन्या टायरच्या चकत्या. वायर लांब लागली तर ती गुणगुणायला लागली. मग जाळी गुंडाळलेली वायर मुंबईहून ह्यांच्याकरवी मागवली. शनिवारी हे आले, आणि मी त्यांना म्हटलं, "चाला बघू. पाय आपटा."

"माझ्याच घरात पाय आपटू?"

"आपटा हो."

त्यांनी आपटले. सुई ढिम्म. हे खो खो हसले, आणखी दोनदा उडी मारली, खालच्या दुकानदाराने काठीने छत ठोकलं. त्या दिवशी मी वन्संना सांगायला हवं होतं की आता चाललात तरी चालेल. विसरले. विसरले, एवढंच सांगता येईल, त्याला दुसरं कारण नाही. पाटीवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली होती. वन्सं मात्र रेकॉर्ड निघाली की अजूनही पडदीला टेकून बसत.

माझं समाधान आठ दिवसही टिकलं नाही. आता बाकी सगळं स्वच्छ झालं, तेव्हा एक नवीन आवाज सापडला. डग्ग्यावर जोराची थाप पडली की तिच्यामागून एक लाकडी झिणझिण येई. शोधता शोधता कळलं, रेडिओ पडदीला लागून असलेल्या टेबलावर होता, आणि पडदीच्या फळ्या त्याच्या आवाजाने घुमत होत्या. भीमपलासीतला विलंबित ठेका त्या फळ्यांनी जाडा करून टाकला होता. मी हट्टाला पेटले. रेडिओ उचलला, दगडी भिंतीकडे नेला, त्याच्याखाली आता मोकळी पडलेली सायकलची ट्यूब हवा भरून घातली, वर वाळूची पिशवी. पडदी गप्प झाली. जमीन गप्प झाली. मी फळ्यांवर हात ठेवून पाहिलं, काही नाही. एवढं स्वच्छ गाणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. सूर हवेत उभा राहावा तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी भीमपलासी लावली आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. पाच मिनिटं झाली असतील.

"आज रेकॉर्ड लावली नाहीस?"

मी डोळे उघडले. रेकॉर्ड फिरत होती. आवाज चांगला मोठा होता. वन्सं पडदीला पाठ टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात उलटे मागे फळ्यांवर ठेवून.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं, मला कळलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या, "तबकडी फिरतेय ना? मग आवाज का बंद केलास? बरं नाही का तुला?"

मी उठून पाटी घेतली. लिहिलं, "तुम्ही ऐकत होता?"

वन्संनी पाटी वाचली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी आलं. "ऐकत कसली? गळा नाही येत. सूर नाही. तो गेलाच. पण डग्गा येतो. पाठीत येतो, हाताला येतो. ती मोठी तबकडी आहे ना तुझी, तिच्यात विलंबित एकताल आहे. सम आली की पाठीच्या मधोमध येते." त्यांनी पाठ फळ्यांवर दाबून दाखवली. "आधी चालता चालता यायचा, हात पडदीला असायचा म्हणून. तू म्हणालीस चालू नका, तर बसून बघितलं. बसून जास्त येतो."

मला वाटत होतं त्या रुसल्यात.

"मला का नाही सांगितलंत?" मी लिहिलं.

"काय सांगायचं? बहिरी बाई भिंतीला टेकून गाणं ऐकते म्हणून? तुझ्या नवऱ्याला कळलं तर आठ दिवस जेवायचा नाही. त्याला अजून वाटतं, त्यानेच डॉक्टरांना इंजेक्शनांना हो म्हटलं म्हणून माझे कान गेले." मग त्या हसल्या. "हो म्हटलं म्हणून तर बसलेय इथं."

मी तेव्हा रडले नाही. मला नुसतं काहीतरी करायला हवं होतं. मी ट्यूबची हवा सोडली, वाळूची पिशवी ओढून काढली, रेडिओ एकटीने उचलला. वाटेत तो माझ्या गुडघ्याला आदळला, त्याची खूण अजून आहे. पुन्हा पडदीपाशी आणला. टेबलावर नाही, सरळ फळ्यांच्या जमिनीवर ठेवला, पाठ पडदीला घट्ट भिडवून. मग विचार केला, की सुईला थरथर नको आणि वन्संना हवी. सुई कोनाड्यात, दगडात. ती तिथेच राहू दे. रेडिओने खुशाल सगळं घर हलवावं. दोघांचा रस्ता वेगळा असला की झालं. वर्षभर मी दोन्हींना एकच शिक्षा देत होते.

आवाज वाढवला. पडदी घुमू लागली. वन्संनी तळहात रेडिओच्या पेटीवर ठेवला, आणि डोळे मोठे केले.

"अगं, हा द्रुत सुरू झाला की!"

झाला होता.

त्यानंतर दुपारी आम्ही दोघी बसू लागलो. त्या पेटीवर हात ठेवत आणि मी त्यांच्या दुसऱ्या मनगटावर बोटाने गायिकेचे शब्द कुठे पडतात ते दाखवी. माझं नेहमी चुके. मला तालातलं काही कळत नव्हतं. "अगं, सम कुठे चाललीय आणि तू कुठे?" त्या म्हणत. मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. एकताल, झपताल, रूपक. मी पाटीवर मात्रा लिहायची आणि त्या हातावर हात आपटून मोजून घ्यायच्या. सपाट आवाजात का होईना, त्या शाळेत कशा ओरडत असतील हे मला तेव्हा कळलं.

माझी तगमग गेली असं नाही. मी आता वेगळ्या गोष्टींनी अस्वस्थ होत असे. फळ्यांचा खुळखुळाट मला अजून खुपे. वन्संना तो हवा होता म्हणून मी तो ऐकून घेई, आणि मनात म्हणे, हा सूर स्वच्छ नाही. एखाद्या दिवशी त्या बाहेर गेल्या की मी रेडिओ जरासा पुढे ओढून पडदीपासून सोडवी आणि एकटीने ऐके. मग पुन्हा मागे लावून ठेवी. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी वन्सं एक दिवस पेटीवरचा हात उचलून म्हणाल्या, "ह्याच्यात काहीतरी बिघडलंय."

मी कान दिला. मला काही ऐकू आलं नाही. पाटीवर लिहिलं, "ठीक आहे."

"ठीक नाही. डग्ग्याच्या मागे एक ठोका आहे. तालाचा नाही. ताल बदलला तरी तो बदलत नाही. सगळ्या रेकॉर्डींत आहे. कालपासून आहे."

"गिरणी असेल."

"गिरणी मला पायाला कळते. हा पेटीतून येतोय."

मी चिडले. वर्षभर खपून मी बाहेरची एकूण एक थरथर अडवली होती, आणि आता ही बाई मला सांगत होती की अजून आहे. मी रेकॉर्डच्या शेवटच्या रिकाम्या खाचेत सुई ठेवली आणि आवाज पूर्ण वाढवून कान पेटीला लावला. धुप्, धुप्, धुप्. बारीक, पण होता. डोकं खाली घालून बसले मी.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने तबकडीची थाळी उचलली. आत मोटरच्या दांड्याला टेकून एक रबरी चाक होतं, ते थाळी फिरवतं. त्याने चाक बोटावर फिरवून पाहिलं. "ह्ये बघा. एका जागी चपटं झालंय. बंद करताना यंतर तुमी तसाच ठेवता, चाक दांड्याला टेकलेला. रबर दबून राहतं. फिरलं की तिथं ठोका."

चूक माझीच होती. बंद करताना कळ पूर्ण मागे घ्यायची असते, म्हणजे चाक सुटं होतं. मी घाईत प्लगच ओढत असे.

"तुमाला आयकू आला?" त्याने मला विचारलं.

"मला नाही. त्यांना."

त्याने वन्संकडे पाहिलं. त्याला माहीत होतं त्या ऐकू शकत नाहीत. त्याने आपला तळहात वर करून दाखवला आणि भुवया उडवल्या. वन्संनी आपला तळहात वर केला. दोघं हसले. मग त्याने ते चाक गिरणीत नेलं, फिरत्या दांड्याला लावून बारीक काचकागदाने घासून गोल करून आणलं. बसवल्यावर त्याने आधी वन्संना बोलावलं, मला नाही. त्यांनी हात ठेवला आणि म्हणाल्या, "गेला."

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर एका शनिवारी हे दुपारी घरी आले तेव्हा आम्ही दोघी रेडिओपाशी बसलो होतो. भीमपलासीचा द्रुत चालू होता. ह्यांना सगळं मी एव्हाना सांगितलं होतं. पुढच्या खेपेला ते तबल्याची एक रेकॉर्ड घेऊन आले होते. आज ते चपला काढून दारातच उभे राहिले.

वन्संचे डोळे मिटलेले होते. हात पेटीवर. आणि त्या गायला लागल्या.

ती बंदिश त्या शाळेत शिकवत असत, त्यांना ती पाठ होती. शब्द बरोबर होते. जागा बरोबर होत्या. सूर मात्र कुठल्या कुठे होता. गायिका एकीकडे आणि वन्सं तिच्या खाली, मग वर, मग भलतीकडेच. मला ते ऐकवेना. दुसऱ्याचा बारीक दातरलेला सूर मला सहन होत नसे, आणि इथे तर सूर सापडतच नव्हता. ह्यांनी चेहरा भिंतीकडे फिरवला. मला उठून जावंसं वाटलं. मी बसून राहिले.

त्यांनी एक तान घेतली, तिहाई घेतली आणि हात पेटीवर आपटून सम गाठली. नेमकी. रेकॉर्डमधली सम आणि त्यांचा हात एकदम पडले.

त्यांनी डोळे उघडले, आधी मला पाहिलं, मग दारातल्या भावाला.

"सूर लागला नाही ना?"

हे पटकन पुढे झाले आणि त्यांनी मान डोलावली, लागला, लागला, अशी. वन्संनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. पाटी माझ्या मांडीवर होती. हे माझ्याकडे बघून डोळ्यांनी विनवत होते.

मी लिहिलं, "नाही लागला."

वन्संनी वाचलं आणि मान हलवली. "ठाऊक होतं. घशातच कळत होतं, कुठे धरायला काही नाही म्हणून. आणि ताल?"

"चोख."

"तिहाई?"

"चोख. मला मोजता आली."

"तुला मोजता आली म्हणजे बरीच सोपी घेतली असणार मी," त्या म्हणाल्या. मग भावाला म्हणाल्या, "अरे, उभा काय? पाय धू. चहा टाकते." आणि पडदीला हात लावून, पाय आपटत आत गेल्या.